चातकापायी अडलेल्या कुरडया

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तोंडातला चहा गिळा, नाही तर ठसका लागेल. एका पिसापायी मी अख्ख्या बिल्डिंगचं वाळवण बंद पाडलं होतं!

रिटायर झाल्यावर मी दुर्बीण घेतली. वारज्यातल्या आमच्या गच्चीवर रोज पक्षी बघायला लागलो आणि थोड्याच दिवसांत आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री पटली. मे महिन्यात तिथेच शेपटीचं एक पीस सापडलं. बुडाशी करडं, मग काळंभोर, टोकाला पांढरंशुभ्र. पुस्तक उघडलं. काळी शेपटी, पांढरी टोकं. चातक! आणि चातक आला म्हणजे पाऊस आलाच की नाही?

माझी बायको सुनंदा तेव्हा गव्हाचा चीक शिजवायच्या तयारीत होती. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. रुखवतात कुरडया आणि पापड्या घरच्याच मांडायच्या, हा तिचा हट्ट. गहू भिजवून, वाटून, चीक गाळून झालेला. आता फक्त शिजवायचा, घालायचा आणि कडकडीत उन्हात वाळवायचा.

"आज घालू नकोस, पाऊस येतोय," मी म्हणालो.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "कुठून? कात्रजच्या घाटातून चालत?"

मी पीस दाखवलं, चातकाचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्यापुढे हात टेकून तिनं चीक फ्रिजमध्ये ठेवला. "आंबला तर जबाबदार तुम्ही," एवढंच म्हणाली.

एवढ्यावर थांबेन तर मी कसला? शेजारच्या नसीमभाभींना वाळत घातलेल्या शेवया उचलायला लावल्या. खालच्या मजल्यावरच्यांचे सांडगे गच्चीवरून उतरवले. बिल्डिंगच्या ग्रुपवर पिसाचा फोटो टाकला. गळ्यात दुर्बीण असली की लोक ऐकतात हो!

दुसऱ्या दिवशी ऊन असं, की गच्चीवर अनवाणी पाय टेकवेना. सुनंदा मधूनमधून फ्रिज उघडून चिकाचा वास घ्यायची आणि दार धाडकन लावायची. तो आवाज बोलण्यापेक्षा वाईट. मी ठरवलं, चातक प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय खाली उतरायचं नाही. टोपी घातली आणि ठाण मांडलं.

एक होला सारखा पाण्याच्या टाकीवर येऊन बसत होता. होला म्हणजे आपला नेहमीचाच, मातकट, कुठल्याही ग्रिलवर चार काड्या टाकून संसार मांडणारा. त्याला बघून चातक बुजेल म्हणून मी त्याला हाकलत होतो. तो परत येत होता. शेवटी मी टॉवेल भिरकावला. तो उडाला, समोरच्या कठड्यावर उतरला आणि उतरताना त्यानं शेपूट पंख्यासारखी पसरली.

कडेची पिसं बुडाशी करडी, मग काळीभोर, टोकाला पांढरीशुभ्र!

मी हातातलं पीस वर धरून बघितलं. तंतोतंत तेच. बसल्यावर शेपूट मिटलेली, म्हणून ती टोकं मला कधी दिसलीच नव्हती. फार फार ओशाळलो. पण चीक आंबायला टेकलेला होता, लाजायला वेळ नव्हता. धावत खाली गेलो.

"घाल कुरडया. पाऊस येत नाही."

सुनंदानं लगेच चीक शिजायला ठेवला. नसीमभाभी मदतीला आल्या आणि दोघींनी बघता बघता कुरडया आणि पापड्या घालून सगळा चीक संपवला. दुर्बीण जप्त झाली. माझ्या हातात काठी आली आणि वाळवणाची राखण माझ्यावर पडली. उन्हानं जरा डोळा लागला, इतकंच.

लग्नात रुखवत सगळ्यांना आवडलं. विहीणबाई पापड्यांच्या ताटापाशी थबकल्या. सर्वांत वरची पापडी त्यांनी निरखून पाहिली. ती सुनंदानं मुद्दाम वर ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

"ही नाजूक नक्षी कशानं काढलीत हो?" त्यांनी विचारलं.

"ते ह्यांना विचारा," सुनंदा म्हणाली. "पक्ष्यांतलं ह्यांनाच कळतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पापडीवर वाकलो. तीन बोटं पुढे, एक मागे.

"होला," मी ठामपणे सांगितलं. या वेळी पुस्तक उघडावं लागलं नाही.