नवरदेवाचे कान

माझ्या नातवाचे कान जन्मापासून बाहेर आलेले. तो तान्हा असताना मी तेल लावून ते मागे दाबायचे, वर टोपडं घट्ट बांधायचे. उपयोग झाला नाही. शाळेत पोरं त्याला सुपडं म्हणायची. पुढे त्याने केस वाढवून कान झाकले. रोह्याच्या कंपनीत हेल्मेट घालावं लागतं, म्हणूनच त्याला ती नोकरी आवडली असं मला वाटतं.

पेणला रामवाडीतली मुलगी ठरली. तिने कानांसकट बघूनच होकार दिला होता. तरी साखरपुडा झाल्यावर त्याने ऑपरेशनचं काढलं. मी म्हटलं, पोरीने पसंत केलंय, आता कापाकापी कशाला?

"तिने केलंय, आजी. मला नाय पसंत."

पनवेलच्या डॉक्टरने कानामागे चीर देऊन, आतून टाके घालून कान मागे बसवले. बरे होईपर्यंत कान ओढला जाता कामा नये, असं त्याने बजावलं. सासरी कोणी बोलायचं नाही, असं नातवाने आम्हाला बजावलं. बायकोला मी पुढे सांगेन म्हणाला.

हळद लावताना मी जवळ बसून राहिले, कोणाला कानापर्यंत हात नेऊ दिला नाही. कानपिळी मात्र विसरलो. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरदेव त्याला कपडे देतो. कपडे आम्ही आठवणीने आणले होते. ते कशाबद्दल द्यायचे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

होमाजवळ भटजींनी भावाला बोलावलं. आडदांड माणूस, वडखळला गॅरेज चालवतो. त्याने बाही वर सारली. मागून त्याचे मित्र म्हणाले, जोरात पिळ रे, एका किकमध्ये चालू झाला पाहिजे. मी उठले. चक्कर आल्याचं सोंग करणार होते. नातवाने मला खूण करून बसवलं आणि मेव्हण्याचा हात धरला.

"कानाचं ऑपरेशन झालंय माझ्या. बाहेर आलेले होते, मागे घेतलेत. अजून ओले हायत."

कानांबद्दल तो चारचौघांत पहिल्यांदाच बोलत होता.

"कुठला कान?" भावाने विचारलं.

"दोन्ही."

"मग नाक पिळू काय?"

सगळे हसले. असं हसणं नातवाने लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून मी त्याच्याकडेच बघत होते. तोही हसत होता. भावाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कपडे घेऊन उठला.

नवरी हसली नाही. आपल्यापासून लपवलं, हे तिला लागलं असणार. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "दुखतंय?"

तो नाही म्हणाला. खोटं होतं ते. मुंडावळ्यांचा दोरा सकाळपासून कानामागे घासत होता. तिने ते पाहिलं आणि दोरा बोटाने वर सरकवला.