नानांचा हात

पेटीवाले नाना साथीला बसले की पट्ट्यांकडे ढुंकूनही बघत नसत. डोळे सतत गाणाऱ्याच्या गळ्यावर. मला शिकवतानाही त्यांचं एकच सांगणं, "माय, गाणारा जठे पडस, तठे आपलं बोट आधीच पाहिजे." एकटे वाजवायला बसले, तर समोरच्या कापसाच्या जिनिंगमधली माणसं काम टाकून दाराशी येत. कुणी वाहवा केली की नाना सगळं श्रेय पेटीला देत, तिच्यावर हात ठेवून म्हणत, "जुनी शे ना, तिले बठ्ठं येस." आणि संकोचून सगळ्यांना चहा मागवत.

जळगावातल्या त्यांच्या खोलीत कुणीही यावं. फैजपूरचा एक केळीवाला शिकायला यायचा. त्याचे हात केळीच्या चिकाने काळे, पट्ट्यांना डाग लागतील म्हणून पहिल्या दिवशी उभाच राहिला. "पट्टी पुसता येस. बस," नाना म्हणाले आणि आयुष्यभर कमावलेल्या वाजवण्यातल्या जागा त्याला पहिल्या महिन्यातच देऊन टाकल्या. मी म्हणायचे, नाना, थोडं स्वतःकडे ठेवा. ते नुसते हसायचे. मला ते हसणं तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही.

कारण याच खोलीत तोही गाणं शिकला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव छापून आलं की त्याला फार बरं वाटतं. अमळनेरहून एसटीने यायचा, नानांच्या ताटात जेवायचा. गळा गोड, पण तार सप्तकात चढताना श्वास तुटायचा. नाना तिथे पेटीवर तो सूर हलकेच आधी धरून ठेवत. लोकांना वाटे, हाच पोचला. बघता बघता त्याचं नाव झालं.

मग त्याच्याच गावी मोठी मैफल झाली. साथीला नाना, मागे तंबोऱ्यावर मी. त्याचा घसा बसला होता. वर चढताना सूर फाटला, तसा तो थांबला आणि माईकवरून म्हणाला, "पेटी बेसूर लागतेय हो. आमच्या नानांना आता ऐकू कमी येतं." लोक हसले. नानांनी हात जोडले आणि चूक स्वतःवर घेतली, "मनं चुकनं."

परतताना गाडीत मी रागाने रडत होते. नाना खिडकीशी बसून म्हणाले, "त्याना आवाज बसेल व्हता, माय. लोकेस्ले काहीतरी कारण लागस. ते मी दिधं."

त्यानंतर नानांना साथीला कुणी बोलावलं नाही. ते शिकवत राहिले आणि एका हिवाळ्यात गेले. केळीवाला खांदा द्यायला आला. तो अमळनेरचा मात्र आला नाही. याला मी सोडणार नाही, हे मी त्या दिवशीच ठरवलं.

पुढे लग्न होऊन मी धुळ्याला आले. तिथे त्याचं गाणं ठरलं, त्याचा पेटीवाला ऐनवेळी आजारी पडला आणि मंडळाची माणसं माझ्या दारात उभी राहिली. त्या संध्याकाळी मी जितक्या आनंदाने साडी नेसले, तितक्या आनंदाने लग्नातही नेसले नव्हते. बेत सोपा होता. तो वर चढेल, श्वास तुटेल, तिथे मी पेटीवरून हात उचलायचा. भरल्या सभागृहात त्याला उघडं पाडायचं.

तो क्षण आला. माझे डोळे त्याच्या गळ्यावर होते. शीर ताठ झाली, आता तुटणार हे मला त्याच्याआधी कळलं. आणि मी हात उचलायच्या आत माझं बोट त्या सुरावर जाऊन बसलं होतं. तो अलगद वर पोचला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो गाणं थांबवून माझ्याकडे वळला. चेहरा उतरला होता. "हा नानांचा हात," तो पुटपुटला.

"बेसूर लागतोय का?" मी विचारलं. माझ्यासमोरही माईक होता. त्याने मान खाली घातली.

तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. त्याच्यावरचा राग आहेच, पण आता नानांवरही आहे. त्यांनी हातचं काही न राखता मला सगळं शिकवलं. गाणाऱ्याला पडू कसं द्यायचं, तेवढं मात्र शिकवलं नाही.