सीताफळाचा काढा आणि साडूंचा रुसवा

वाशीम जिल्ह्यातलं एकही झाडझुडूप आमच्या साडूंच्या तावडीतून सुटलेलं नाही. साडू फार्मसी कॉलेजात शिकवतात. वनस्पतींतली रसायनं कॉम्प्युटरवर घ्यायची, कॅन्सरच्या प्रथिनाच्या खाचेत एकेक बसवून पाहायचं आणि कुठलं घट्ट बसतं ते शोधायचं, हा त्यांचा ध्यास. त्यातही प्रोस्टेटचा कॅन्सर, कारण आम्हा दोघांच्या सासऱ्यांना तोच झालेला. मंगरूळपीरच्या स्टँडमागे तरोट्याची पानं न्याहाळताना त्यांची एसटी निघून गेली, तेव्हा ते खुशीत म्हणाले, "बरं झालं, शेंगा पाहाच्याच राह्यल्या होत्या." कॉम्प्युटर कामात असला की त्या खोलीत ते चपला काढून जातात, आणि घट्ट बसण्याचा आकडा चांगला आला की गल्लीभर पेढे वाटतात. ते रसायन पुढच्या तपासणीत नापास झालं तरी पेढे परत मागत नाहीत, एवढा मोठेपणा त्यांच्यात आहे.

असेच एकदा ते केनवडला सासरी पेढे घेऊन गेले. सीताफळाच्या पानातलं एक रसायन पहिलं आलं होतं. सासऱ्यांनी पेढा खाल्ला, डॉक्टरांनी लावलेली कॅन्सरची इंजेक्शनं बंद केली आणि त्या पानांचा काढा सुरू केला. आम्हाला हे कळलं ते अधिक महिन्यात धोंडे खायला गेल्यावर. "जवायानं मशीनीवर पाह्यलं, मंग डॉक्टर कायले पाह्यजे?" ते ऐटीत म्हणाले.

साडूंचा चेहरा उतरला. "मामाजी, ते फक्त मशीनीत जुयलं. अजून उंदरालेही देल्लं नाई!"

सासरे हसले आणि त्यांनी काढ्याचा पेला उचलला. तेव्हा लग्नातही कशावरून न रुसलेला हा माणूस भरल्या ताटावरून उठला आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसला. "तुमी इंजेक्शन घेतल्याबिगर मी जेवत नाई."

धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी राहणं म्हणजे गावभर नाचक्की. सासूबाईंना रडू फुटलं, शेजारणी समजूत घालायला आल्या, धोंडे गार झाले. मी मात्र जेवत होतो. एका घरात एकच जावई रुसलेला बरा. शेवटी सासऱ्यांनी काढा अंगणात ओतला आणि टोपी घातली. "चाला बापा, जीप बोलवा."

वाशीमच्या दवाखान्यात इंजेक्शन झालं. बाहेर बाकावर साडू डब्यातले धोंडे खायला बसले. सासऱ्यांनी हळूच विचारलं, "जवाईबुवा, तुमचं औषध निघन कधी?"

एरवी या प्रश्नावर साडू तासभर बोलले असते. आज एवढंच म्हणाले, "लय वर्षं लागतीन, मामाजी. तोवर थांबसान न तुमी?"

"थांबतो न. नाई त तुमी परत रुससान."

आम्ही तिघंही हसलो. साडूंनी डब्यातला एक धोंडा सासऱ्यांच्या हातावर ठेवला.