बुरुलकानबाई हात उघडेनात

बुरुलकानबाईंच्या पेटीत बावीस चापान होते. दहा, वीस, तीस वर्षांनी शाळेत पुन्हा जमणारी प्रत्येक बॅच बाईंच्या खांद्यावर एक मखमली चापान घालायची, आणि बाईही तो झगा घालून फोटोपुरत्या गोड हसायच्या. चाळीस वर्षं गणित शिकवलं. पण एवढे झगे घालायला किती जन्म लागतील, हे गणित काही त्यांना सुटलं नव्हतं.

कोचकोर खोऱ्यातल्या त्यांच्या शाळेला ८४च्या बॅचने कमान दिली होती. ८९च्या बॅचने तिच्यासमोर हात-दोन हात उंच दुसरी ठोकली. शाळेला कुंपण मात्र अजून एकाच बाजूला होतं. आता ९४च्या पोरांना तिसरी कमान हवी होती. पोरं म्हणजे टक्कल पडलेले बाप्ये, आणि त्यांचा पुढारी कुबात. त्याचे खडीचे ट्रक होते.

बाईंचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. यंदा पहिली आलेल्या आयपेरीला राजधानीत, बिश्केकला, डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता, पण फी भरणारं घरात कोणी नव्हतं. गुरुवारी ती मावशीबरोबर मॉस्कोला भांडी घासायला निघणार होती. बाईंनी कुबातला दोनदा फोन केला. "बघू बाई, आधी कमान होऊ दे," एवढंच तो म्हणाला.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारचं जेवण झालं. तेविसावा चापान बाईंच्या अंगावर चढला. बेशबार्माकची ताटं रिकामी झाली, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी दुवेसाठी तळहात उघडले. वडीलधाऱ्या माणसाने दुवा दिल्याशिवाय पंगतीतून उठायचं नसतं. बाईंचे हात मात्र गुडघ्यांवरच राहिले.

"बाई, दुवा," कुबात हळूच म्हणाला.

"कशाची?"

"आपल्या कमानीची."

"मला कमानीची दुवा येत नाही रे."

कोणी खोकलं, कोणी हसलं. हात तसेच उघडे.

"बाई, हात भरून आले," मागून आवाज आला.

"येऊ देत. झूराकान तीस वर्षं उभी आहे."

झूराकान किटली घेऊन खरंच उभी होती. ९४च्या बॅचमध्ये पहिली आलेली. बिश्केकहून प्रवेशाचं पत्र आलं, त्याच उन्हाळ्यात बाप गेला. आज ती शाळेची स्वयंपाकीण होती, आणि आपल्याच वर्गाला चहा ओतत होती.

"माझं कशाला काढता बाई आता?"

"तुझंच काढणार. तुला मी दुवा दिली आणि घरी जाऊन झोपले. दुसरं काही केलं नाही. चुकलं माझं." बाईंनी अंगावरच्या चापानची बाही चिमटीत धरली. "पेटी उघडली की मला या झग्यांची लाज वाटते."

कुबातने मान खाली घातली. तरी पुटपुटलाच, "पण बाई, आयपेरीला शिष्यवृत्ती दिली तर ती दिसणार कुठे? कमानीवर नाव तरी राहतं."

"ती पोर डॉक्टर होऊन तुझं ब्लडप्रेशर बघेल ना, तेव्हा दिसेल."

हॉल हसला. झूराकानने किटली खाली ठेवली, वर्गमित्रांना सरकवून मध्ये बसली आणि तळहात उघडले. "माझ्या पगारातून दर महिन्याला थोडे थोडे धरा."

"तू थांब गं झूरा," कुबात चिडून म्हणाला. "शाळेत पहिला नंबर तुझाच, आता इथेही तूच का?" मग त्याने एक मोठा श्वास घेतला. "सहाही वर्षांची फी आपल्या बॅचची. झूराचे पैसे कोणी घ्यायचे नाहीत. कमान राहू दे."

एवढ्या उघड्या हातांसमोर दिलेला शब्द त्या खोऱ्यात कोणी मागे घेत नाही. बाईंनी हात उचलले. "शिकायला निघालेल्या पोरीची वाट मोकळी होवो," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. "ओमीन."

मग बाईंनी अंगावरचा चापान उतरवून झूराकानच्या खांद्यावर घातला.

"बाई, मी चुलीपाशी असते. डाग पडतील याला."

"पडू देत," बाई म्हणाल्या. "कोरे बावीस आहेत माझ्याकडे."