फळ्यावरची उत्तरे

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला मी संशोधन पद्धती शिकवतो. त्याआधी चंद्रपुरात एका दैनिकाचा बातमीदार होतो. दोन्हीकडे नियम एकच: जाऊन विचारायचे, सांगितले तेच लिहायचे. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि विद्यार्थी दरवर्षी लिहून घेतात. मग लघुप्रबंधाची मुदत जवळ आली की वसतिगृहाच्या खोलीत बसून निळ्या-काळ्या पेनांनी प्रश्नावल्या स्वतःच भरतात.

नमुना निवड शिकवताना एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माया नमुन्याले मी चांगला ओळखतो. तो मीच हाय." वर्ग हसला. मीही हसलो. शिकवणे पुढे चालू ठेवले.

वरोऱ्याची एक विद्यार्थिनी मात्र खरोखर गेली. वडिलांचे शिवणकामाचे दुकान, घरात इतकी शिकलेली ती पहिलीच. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलांना वर्गातली मराठी कितपत समजते, हा विषय तिने स्वतः निवडला होता. एका शाळेने तिला जूनपासून नोकरीवर घ्यायचे कबूल केले होते. अट एवढीच की लघुप्रबंध मे महिन्यात जमा झालेला असावा.

एप्रिलमध्ये ती मूलमार्गे गडचिरोलीला आणि तिथून दुसऱ्या बसने पुढच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत गेली. परत आली तेव्हा तिने गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. सगळ्या प्रश्नावल्यांतली उत्तरे अक्षरशः एकसारखी होती. सर वर्गात बोलतात ते समजते का? होय, चांगले समजते.

"हे कसं झालं?"

"हेडमास्तरांनी मले चहाले बसवलं, सर. नाई म्हणता येईना. मंग पोहे आले. वर्गात परत गेली तं पेपर गोळा झालेले."

मुख्याध्यापक तिला अभिमानाने म्हणाले होते, "पोट्टे काहीबी लिहून राह्यले होते, म्याडम. मी फळ्यावर सोडवून देल्लं. आता एकबी चूक नाई."

त्यांना ती तपासणी वाटली होती. मुले नापास होऊ नयेत, एवढाच त्यांचा हेतू.

तिने एक कागद उचलून खिडकीसमोर धरला. पेन्सिलीची आधीची अक्षरे खोडरबराने पुसलेली होती, पण दाब राहिला होता: 'नाई समजत'. दुसऱ्यावरही तेच. काही मुलांनी उत्तराच्या जागेत फळ्यावरची तारीख, सुविचार, वर्गाचा पट आणि हजेरीही उतरवली होती. जे दिसले ते त्यांनी लिहिले होते.

"हेच तं उत्तर हाय ना, सर?"

हेच होते. मी तिला तसेच लिहायला सांगितले. आठवड्यात तिने अकरा पाने आणली. त्या वर्गात मी वाचलेले ते सर्वांत चांगले लेखन होते.

विभागप्रमुख बाईंनी ती पाने शांतपणे वाचली. "प्रमाण विचलन शून्य येतंय, उत्तरांत फरकच नाही. तक्ते कशाचे करणार?" मग म्हणाल्या, "त्या माणसाने तिला चहा-पोहे दिले, आणि आपण त्याच्यामागे चौकशी लावायची? पुढच्या वर्षी आपल्या पोरांना कोणती शाळा दारात उभं करील?"

त्यांनी नवी माहिती आणायला सांगितली. तोवर आश्रमशाळेला सुट्टी लागली होती. मुले गावोगाव तेंदूपत्ता तोडायला गेली होती.

"मंग काय करू, सर?"

मी घडले ते विद्यापीठाला लेखी कळवू शकत होतो. त्यात तिचे वर्ष गेले असते, नोकरीही. मी म्हणालो, "तू ठरव." वर्तमानपत्रात, छापायची नसलेली बातमी आम्ही याच दोन शब्दांनी मारत असू.

चार दिवसांनी नव्या प्रश्नावल्या आल्या. उत्तरांत हवा तेवढा फरक होता. काही मुलांना समजत होते, काहींना थोडे, मोजक्यांना अजिबात नाही. अक्षर तिने बदलायचा प्रयत्न केला होता. मी ते ओळखले. 'प्रत्यक्ष क्षेत्रकार्यावर आधारित' या प्रमाणपत्रावर मार्गदर्शक म्हणून सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्त्यांचे कौतुक केले. "म्हणजे बहुतांश मुलांना समजतं, असा निष्कर्ष?"

"हो सर," ती म्हणाली. प्रमाण भाषेत, न अडखळता.

बाहेर व्हरांड्यात तिने मला पेढे दिले. अब्बांनी पाठवलेत, म्हणाली. मग हळूच विचारले, "ते पहिले पेपर अजून आहेत काय तुमच्यापाशी?"

"कपाटात आहेत."

"फाडून टाका, सर."

"राहू दे. ठेवतो."

"काऊन?" तिने विचारले.

ती खरोखर कारण विचारत होती. मी हातातला पेढा तोंडात टाकला. तिची बस होती, ती गेली.