वार्निशचे तीन हात

लाडकीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गंजाडच्या एका पाड्यावर तिचं घर. चूल पेटवायची, भाकरी भाजायची, आंघोळ करायची आणि केसांना तेल न लावता निघायचं. तेलाचा हात कागदाला लागला तर डाग पडतो, तो निघत नाही. म्हणून तेल फक्त रविवारी. रिक्षा वेळेवर भरली तर सातपर्यंत ती डहाणूला, अमृतशेठच्या चिकूवाडीतल्या शेडवर पोचायची.

त्या शेडमध्ये चित्रकारांची आणि फोटोग्राफरांची चित्रं मोठ्या मशीनवर जाड सुती कागदावर छापतात. नुसती शाई उजेडाला, दमटपणाला, घासण्याला टिकत नाही. वर पारदर्शक वार्निश फवारावं लागतं. ते काम लाडकीचं. मी तिथे चौकटी ठोकायचो, नऊ वर्षं. त्यामुळे तिचं काम मी रोज पाहिलं आहे.

ती आली होती झाडू मारायला. आधीचा फवारणारा सोडून गेला, तेव्हा म्हणाली, मी करून बघते. महिनाभर रद्दी पेपरांवर साधं पाणी मारून हात बसवला. फवाऱ्याची बंदूक कागदापासून एक वीत. कागदाच्या कडेबाहेर सुरू करायचं, दुसऱ्या कडेबाहेर थांबायचं, मध्ये मनगट वळवायचं नाही. पहिला हात आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. दोन हातांत पंधरा मिनिटं. जाड मारलं तर कागद मुरडतो. लांबून मारलं तर वार्निश हवेतच सुकतं आणि वर कणी बसते. हे सांगायला सोपं आहे. दिवसाला वीस कागद, प्रत्येकाला तीन हात, खांदा न हलवता करून बघावं.

वेळही ठरलेली. सकाळी दव असतं, नऊशिवाय सुरुवात नाही. बाराच्या आसपास मतलई, म्हणजे जमिनीकडचा कोरडा वारा, पडते आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. त्या दमट हवेत मारलेलं वार्निश दुधासारखं पांढुरकं होतं. कागद गेला. शेठ भिंतीवरचा दमटपणाचा काटा बघायचे. लाडकी दारात उभी राहून चिकूची पानं कुठल्या बाजूला झुकली ते बघायची. दोघांचा अंदाज बहुतेक जुळायचा.

त्या तीन तासांत खोलीचं दार बंद, पंखा बंद. ओल्या वार्निशवर माणसाच्या कपड्यातली धूळसुद्धा बसते, म्हणून आत दुसरं कोणी नाही. तोंडावर मुखवटा, बोलणं नाही. घरीही तेच. नवरा काळ्या जाऊन सात वर्षं झाली होती. तो गवताच्या गाठी ट्रकमध्ये भरायचा. अच्छाडला एक गाठ वरून सुटली आणि मानेवर पडली. मुलगी निलम लग्न होऊन वापीकडे. काळ्याचा फोटो म्हणाल तर आधारकार्डावरचा, त्यात चेहरा ओळखू येत नव्हता.

गेल्या थंडीत नितीन नावाच्या फोटोग्राफरचं काम आलं. अच्छाडच्या नाक्यावरचे जुने फोटो. एका फोटोच्या पन्नास प्रती, प्रत्येकीवर नंबर. बिघडलेली प्रत चार तुकडे करून फाडायची, हा करार. फोटोत गवताने भरलेला ट्रक आणि त्याकडे चाललेला एक पाठमोरा हमाल, खांद्यावर गाठ.

वार्निश सुकलं का ते बघायला कागदाच्या पातळीवर डोळा आणून तिरपं बघावं लागतं. लाडकी पहिल्या प्रतीशी तशी वाकली आणि तशीच राहिली. छपाई मशीनवरची सुषमा काचेतून बघत होती. मोठ्याने म्हणाली, "मावशी, कितीही बघा, तो काय वळून बघणार नाय."

लाडकी बाहेर आली. मुखवटा काढला.

"त्याची सवयच तशी," ती म्हणाली. "घरातून निघाला का मागं बघत नसं."

मग तिने आम्हाला दाखवलं. हमालाच्या उजव्या खांद्यावर सदऱ्याला ठिगळ होतं, हिरव्या लुगड्याच्या काठाचं. गाठ घासून तिथेच फाटायचं. टाके तिचे होते. मोठ्या छपाईत एकेक टाका मोजता येत होता.

तिला एक प्रत हवी होती. सुषमाने उपाय सुचवला. एक कागद बारा वाजून गेल्यावर मार, पांढरा पडेल, फाडला म्हणून सांगू आणि घरी ने. लाडकी म्हणाली, बिघडवलेला माणूस घरी नेऊन काय करू.

शेठने नितीनला फोन लावला. माणूस चांगला. ऐकून गहिवरला, पन्नासावी प्रत फुकट देतो म्हणाला. अट फक्त एक, तो येईल आणि लाडकी त्या चित्राशेजारी उभी असताना तिचा फोटो काढेल. प्रदर्शनात दोन्ही शेजारी लावायचे. शेठला वाटलं, काम झालं.

लाडकीने विचारलं, "म्हंजे माझ्या पन छापनार? पन्नास?"

"हो, तशाच."

"आन त्यावर वार्निश कोन मारनार?"

शेठ हसले. ती हसली नाही. म्हणाली, "तो फोटोवाल्याकडं बघून उभा नव्हता राहिला. काम करत होता. मी उभी नाय राहनार. पैसे माझ्या पगारातून कापा."

शेठने समजावलं. अर्ध्या किमतीत देतो म्हणाले. तिने विचारलं, बाकीचे एकोणपन्नास लोक अर्धी देणार का? मग विषय संपला. नितीनने किंमत घ्यायचं कबूल केलं, थोडा नाराज होऊन.

त्या आठवड्यात तिने सगळ्या पन्नास प्रती मारल्या. पन्नासावी शेवटच्या दिवशी, अकराच्या आत. मी मुद्दाम सगळ्या तिरप्या धरून पाहिल्या. तिची कुठली ते मागचा नंबर वाचल्याशिवाय मला सांगता आलं नाही.

नंतरचे आठ महिने अर्धा पगार कापला गेला. त्या दिवसांत ती निलमकडे एकदाही गेली नाही. रिक्षाचे पैसे वाचवायला परतताना निम्मी वाट चालायची. तिने हे कोणाला सांगितलं नाही, मी रस्त्यावर पाहिलं. चौकट मी माझ्याकडून देतो म्हटलं, तर लाकडाचे पैसे मोजून हातात ठेवले. मजुरी मात्र मी तिला देऊ दिली नाही, एवढंच माझं चाललं.

ऑगस्टमध्ये चित्र तिच्या घरी लागलं, चुलीपासून लांबच्या भिंतीला. मी खिळा ठोकून दिला. पाड्यावरची शेजारीण बारकी बघायला आली होती. ती म्हणाली, एवढे पैसे घालून तोंड तरी दिसणारा घ्यायचा. लाडकी म्हणाली, तोंड सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आठ महिन्यांच्या अर्ध्या मजुरीचं तिने हे घेतलं: दोन हात रुंद कागद, त्यावर कामाला निघालेला काळ्या, आणि वर तिच्याच हाताचं वार्निश.