शेवटच्या दिवसातली आई

धायरीतली जमीन विकून मच्छिंद्रने तिथेच चार मजली इमारत बांधली, तेव्हापासून त्याच्या बायकोच्या, द्वारकेच्या हाताला काम उरलं नाही. गुरं गेली, शेतातली भांगलण गेली. पुढे बोलणंही गेलं. ती सोफ्यावर भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या. मच्छिंद्र म्हणाला, "खायला हाय, ल्यायला हाय, मग दुखतंय कुठं?"

त्यांचा मुलगा दिग्विजय हिंजवडीची आयटीतली नोकरी सोडून फिल्म करत होता. जग बुडणार म्हणून एक कुटुंब दारं लावून शेवटाची वाट बघतंय, अशी गोष्ट. आईचं काम करणारी नटी त्याला खोटी वाटायला लागली आणि एक दिवस त्याची नजर सोफ्याकडे गेली.

"आई, मला तुझा चेहरा हवाय."

कुणाला तरी आपलं काही हवंय, हे ऐकूनच द्वारका उठली. न्हाली, ठेवणीतली साडी नेसली.

"अगं, हे नको. रोज बसतेस तशीच बस," तो म्हणाला. "आणि त्या गोळ्यांनी तुझे डोळे एकदम डल होतात. शूट संपेपर्यंत नको घेऊस ना, प्लीज."

तिने गोळ्या बंद केल्या. झोप उडाली, रात्रभर ती घरात फेऱ्या मारायची. तो मॉनिटरमध्ये बघून "सुपर्ब!" म्हणायचा, तेव्हा तिला बरं वाटायचं.

शेवटच्या जेवणाचा सीन घरातच होता. बापाच्या कामाला मच्छिंद्र हौसेने बसला होता. संवाद लिहिलेले नव्हते.

"अप्पा, मनात येईल ते बोला," दिग्विजय म्हणाला.

मच्छिंद्रने ताट सरकवलं. "जग बुडतंय तर बुडू दे. आमचं कवाच बुडालंय. हिनं बुडवलंय. रोज सकाळी उठून हे मढं बघायचं. खरंच मेली असती तर चार दिस रडून मोकळा झालो असतो."

हा नट बोलत नव्हता, हे तिला कळलं. तिने कॅमेऱ्यामागे पाहिलं.

"दिग्या, थांबव रे!"

दिग्विजय कॅमेरा घेऊन आणखी जवळ आला. ती खुर्चीवरून खाली घसरली, ओरडत राहिली. कट म्हटल्यावर कुणीतरी टाळी वाजवली.

त्यानंतर तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दिग्विजय भेटायला आला तो माइक घेऊन.

"तू त्या सीनमध्ये माझं नाव घेतलंयस. फिल्ममधला मुलगा सूरज आहे. 'सूरज, थांबव रे' एवढंच म्हण. तशीच, त्याच आवाजात."

ती म्हणाली. त्याने पुन्हा म्हणायला सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आवाज सपाटच यायचा.

"फील येत नाहीये," तो वैतागून उठला. "राहू दे. आवाजच काढून टाकतो."

फिल्म पुण्यात दाखवली, तेव्हा ती घरी आली होती. मच्छिंद्र कडक इस्त्रीचे कपडे घालून गेला. "तिला गर्दी सोसत नाय," असं त्याने शेजाऱ्यांना जिन्यातच सांगून टाकलं.

संध्याकाळी दिग्विजयचा फोन आला. "आई, ऐक ऐक, टाळ्या! तुझं तोंड उघडतं आणि आवाजच येत नाही ना, तिथे लोक रडत होते गं!"

टाळ्या थांबेपर्यंत द्वारकेने फोन कानाला धरून ठेवला.

"अप्पा जेवून येणार का?" तिने विचारलं.

"हो, आम्ही सगळे बाहेरच जेवतोय."

तिने एकटीपुरतं पान वाढून घेतलं. जेवली मात्र नाही.